पाहुण्या पक्ष्यांची शिकार : हंगाम आणि नियम

रानांतला ससा ज्या रानांत जन्मतो त्याच्या आसपासच बहुधा त्याचा शेवट होतो. त्याची शिकार केव्हां करावी आणि किती करावी, हें त्या रानाचा मालक किंवा त्या मुलखाचें सरकार ठरवूं शकतें. बदकाची गोष्ट मात्र निराळी आहे. कॅनडाच्या गवताळ मैदानांतील एखाद्या डबक्याकांठीं जून महिन्यांत अंड्यांतून बाहेर पडलेलें पिल्लूं आक्टोबरांत डाकोटाच्या तळ्यांवर उतरतें आणि नाताळाच्या सुमारास लुइझियानाच्या दलदलींत किंवा मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पोहोंचलेलें असतें. वसंत ऋतूची चाहूल लागतांच तें पुन्हां उत्तरेची वाट धरतें. वर्षभरांत तें दोनतीन राष्ट्रांचा पाहुणचार घेतें, आणि वाटेवरच्या बहुतेक मुक्कामीं कोणी ना कोणी बंदूक घेऊन बसलेला असतो. मग हें बदक कोणाचें? जेथें अंडें फुटलें त्यांचें, जेथें तें हिवाळा काढतें त्यांचें, कीं ज्याच्या तळ्यावर आज सकाळीं तें उतरलें त्याचें? आणि ‘आज दारीं आलें आहे, उद्यां निघून जाईल’ अशा हिशेबानें प्रत्येकानेंच तें टिपलें, तर पुढच्या वर्षीं कोणाच्याच दारीं कांहीं येणार नाहीं, हें उघड आहे.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीसंबंधीं जे नियम जगांत झाले, त्यांच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे. उत्तर अमेरिकेंत तो विशेष तीव्रतेनें उभा राहिला, आणि तेथें त्याचें जें उत्तर शोधण्यांत आलें तें अभ्यासण्यासारखें आहे. कारण तें एका दिवसांत किंवा एका शहाण्या माणसाच्या डोक्यांतून निघालेलें नाहीं; नुकसान सोसून, न्यायालयांत भांडून आणि चुका दुरुस्त करीत तें हळूहळू घडत गेलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पक्ष्यांची शिकार हा केवळ हौसेचा विषय नव्हता. तो एक धंदा होता. शहरांतील बाजारपेठांना पक्ष्यांचें मांस हवें होतें. आगगाडीनें तें दूरवर नेण्याची सोय केली आणि पाखरांचे थवे कोठें उतरले आहेत ही बातमी तारायंत्रानें तात्काळ पोहोंचूं लागली. धंदेवाईक शिकारी होडीवर लहानशा तोफेसारखी बंदूक बसवीत आणि एका बारांत पाण्यावर बसलेलीं डझनावारी बदकें पाडीत. या व्यवहाराचा सर्वांत मोठा बळी म्हणजे ‘प्रवासी पारवा’ होय. या पारव्यांची संख्या एके काळीं तीनशें ते पांचशें कोटी होती, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं केला आहे. त्यांचे थवे उडत जाऊं लागले म्हणजे तासन् तास आकाश झांकलें जाई. पण हा पक्षी मोठ्या वसाहती करून एकत्र घरटीं बांधीत असे आणि त्याची मादी एका खेपेस एकच अंडें घालीत असे. त्यामुळें वसाहतीवर धाड पडली कीं त्या वर्षींची सारी वीण बुडे. अखेर या जातीचा शेवटचा पक्षी, ‘मार्था’ नांवाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिन्सिनाटी येथील प्राणिसंग्रहालयांत मरण पावली. अब्जावधि संख्या हें सुरक्षिततेचें प्रमाण नव्हे, हा धडा त्या एका पिंजऱ्यानें साऱ्या देशाला दिला.

कायद्याच्या मार्गानें कांहीं प्रयत्न या अगोदरच सुरू झाले होते. १९०० सालच्या लेसी कायद्यानें, एका राज्यांत बेकायदा मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यांत नेऊन विकण्यास बंदी केली. परंतु प्रत्येक राज्याचे शिकारीचे नियम निरनिराळे होते, आणि उत्तरेकडील राज्यानें संयम पाळला तरी वांचलेलें बदक दक्षिणेकडील राज्यांत सहज मारलें जाई. १९१३ सालीं मध्यवर्ती सरकारनें स्थलांतर करणारे पक्षी आपल्या देखरेखीखालीं घेणारा कायदा केला. तोही खालच्या न्यायालयांपुढें टिकला नाहीं. राज्यघटनेप्रमाणें वन्य पशुपक्षी हे ज्या त्या राज्यांतील प्रजेच्या वतीनें त्या राज्याच्या ताब्यांत असतात, मध्यवर्ती सरकारला त्यांत हात घालण्याचा अधिकार नाहीं, असें न्यायाधीशांचें म्हणणें पडलें.

तेव्हां निराळी वाट शोधण्यांत आली. पक्षी जर सीमा ओलांडतात, तर सीमेपलीकडच्या सरकाराशींच करार करावा, असें ठरलें. कॅनडाचे परराष्ट्रीय व्यवहार त्या काळीं इंग्लंडच्या हातीं असल्यामुळें १६ आगस्ट १९१६ रोजीं संयुक्त संस्थानें आणि ग्रेट ब्रिटन यांच्यांत स्थलांतरी पक्ष्यांविषयीं तह झाला. युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटलेला असतांना दोन सरकारांनीं बदकें, पाणलावे आणि गाणारीं पाखरें यांच्यासाठीं करारावर सह्या कराव्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तहाची अंमलबजावणी करण्यासाठीं कॅनडानें १९१७ सालीं आणि संयुक्त संस्थानांनीं १९१८ सालीं कायदे केले.

मिसूरी राज्याला हें मान्य झालें नाहीं. आमच्या हद्दींतील पक्षी आमचे, असा दावा करून त्या राज्यानें मध्यवर्ती सरकारच्या शिकार-निरीक्षकाला न्यायालयांत खेंचलें. १९२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें मिसूरीचा दावा फेटाळला. न्यायमूर्ति होम्स यांच्या निकालाचा आशय असा होता कीं, जो पक्षी काल येथें नव्हता, आज आला आणि आठवड्याभरांत हजार मैल दूर असेल, त्याच्यावर मालकी सांगणें हा फारच दुबळा आधार आहे. आणि हा तह व हा कायदा नसेल, तर अधिकार गाजविण्यासाठीं पक्षीच उरणार नाहींत. ज्याचें शिवार त्याचें पाखरूं, ही जुनी कल्पना या निकालानें मागें पडली.

या तहानें पक्ष्यांचे मुख्यतः दोन वर्ग केले. किडे खाणारीं लहान पाखरें व इतर अनेक जाती यांना बारमाही अभय मिळालें. दुसरा वर्ग शिकारीच्या पक्ष्यांचा. त्यांत बदकें व हंस, क्रौंच, पाणकोंबड्या व त्यांचे भाईबंद, पाणलाव्यासारखे चिखलांत चोंच खुपसणारे पक्षी, आणि पारवे व होले हे मोडतात. या दुसऱ्या वर्गांतीलही सर्वांची शिकार होते असें नाहीं. चिखलांतील पक्ष्यांपैकीं आज केवळ पाणलावा आणि त्याचा रानांत राहणारा वुडकॉक नांवाचा नातलग, या दोघांचीच शिकार संयुक्त संस्थानांत करतां येते. बाकीच्यांना यादींत नांव असूनही हंगाम दिला जात नाहीं.

आतां मुख्य विषय हंगामाचा. १९१६ च्या तहानें असें ठरविलें कीं, १० मार्च ते १ सप्टेंबर या काळांत शिकारीच्या पक्ष्यांना हात लावावयाचा नाहीं; आणि उरलेल्या काळांतही कोणत्याही ठिकाणीं साडेतीन महिन्यांहून अधिक हंगाम असूं नये. हे साडेतीन महिने म्हणजे १०७ दिवस होतात, आणि आजही कोणत्याही राज्याला याहून अधिक दिवसांचा सामान्य हंगाम देतां येत नाहीं. या तारखा पंचांग पाहून ठरविलेल्या नाहींत. त्या पक्ष्यांच्या संसाराकडे पाहून ठरविलेल्या आहेत. बदकांच्या जोड्या बहुधा हिवाळ्यांतच जुळतात. वसंतांत जी मादी उत्तरेकडे निघते ती एकटी नसते. तिच्या मागोमाग येणारीं आठदहा अंडीं तिच्याबरोबर हिशेबांत धरावीं लागतात. एप्रिलमध्यें एक मादी पडली म्हणजे एक पक्षी गेला असें नव्हे, तर एक घरटें गेलें. उलट सप्टेंबरनंतर पिल्लें उडूं लागलेलीं असतात, कळपाची संख्या वर्षांतील सर्वांत मोठी असते, आणि एखादा पक्षी मारला तरी त्याच्यामागें उपाशी मरणारें पिल्लूं नसतें.

हा विचार सावकारी भाषेंत मांडला तर चटकन् समजतो. वसंतांतील जोड्या हें मुद्दल आणि शरदांतील वाढलेला थवा हें मुद्दल अधिक व्याज होय. या वाढलेल्या थव्यांतील कित्येक पक्षी थंडीनें, रोगानें, उपासमारीनें किंवा कोल्ह्याच्या तोंडीं पडून वसंतापूर्वीं मरणारच असतात. मर्यादित शिकार झाली, तर ती या मरणाऱ्यांतलाच कांहीं भाग उचलते आणि मागें राहिलेल्यांना अन्न व आसरा थोडा अधिक मिळतो. पण ही भरपाई ठराविक मर्यादेपर्यंतच होते. त्या मर्यादेपलीकडे पाडलेला प्रत्येक पक्षी मुद्दलांतून जातो. ही मर्यादा नेमकी कोठें आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले आहेत. आणि म्हणूनच केवळ हंगाम बांधून न थांबतां इतर नियमही करावे लागले.

त्यांतला पहिला नियम दिवसाच्या मर्यादेचा. एका शिकाऱ्यानें एका दिवसांत किती पक्षी मारावे हें ठरविलेलें असतें. १९१८ सालीं ही मर्यादा बदकांपुरती पंचवीस होती. आज ती ऐकूनही नवल वाटतें. अलीकडच्या उदार हंगामांत मिसिसिपी नदीच्या पट्ट्यांत ती सहा बदकांची आहे. त्या सहांतही हव्या त्या जातीचीं सहा चालत नाहींत. हिरव्या डोक्याच्या मॅलर्ड जातीचीं चारांहून अधिक नसावींत, आणि त्या चारांत माद्या दोनांहून अधिक नसाव्यात. ज्या जाती दुर्मिळ आहेत त्यांच्यासाठीं मर्यादा एकावर किंवा दोनांवर आणलेली असते. याचा परिणाम असा कीं शिकाऱ्याला बंदूक उचलण्यापूर्वीं पक्षी ओळखावा लागतो. जात आणि नर-मादी हे दोन्ही भेद उडत्या पक्ष्यांत कळावे लागतात. चालू दिवसाच्या मर्यादेबरोबर संग्रहाचीही मर्यादा असते. ती सामान्यतः दिवसाच्या तिप्पट असते, म्हणजे घरच्या शीतकपाटांत साठा करण्यासही सीमा आहे. पक्षी वाहून नेतांना त्याचें डोकें किंवा पिसांसह एक पंख कायम ठेवावा लागतो. नाहीं तर निरीक्षकाला तो कोणत्या जातीचा आहे हें कळणार कसें?

दुसरा नियम वेळेचा. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्त, एवढ्याच वेळांत सामान्यतः बंदूक चालवितां येते. अंधारांत जात ओळखतां येत नाहीं, घायाळ पक्षी सांपडत नाहीं, आणि रात्रीच्या आसऱ्याला परतणाऱ्या थव्यावर गोळीबार करणें हें त्याला झोंपेंत गाठण्यासारखेंच आहे.

तिसरा नियम साधनांचा. जाळें, सापळा, विष, गुंगीचें औषध, रायफल यांना पूर्ण मनाई आहे. फक्त छर्ऱ्याची बंदूक चालते. तीही दहा बोअरहून मोठी नको, आणि तिच्यांत एका वेळीं तीनांहून अधिक काडतुसें बसूं नयेत म्हणून तिच्या काडतुसें भरण्याच्या नळींत लाकडाची किंवा तशीच एखादी खुंटी ठोकून ठेवावी लागते. धांवत्या मोटारींतून किंवा यंत्र चालू असलेल्या होडींतून शिकार करतां येत नाहीं. जिवंत बदकें बांधून त्यांच्या ओरडण्यानें रानबदकांना भुलवितां येत नाहीं. लाकडाचीं किंवा प्लॅस्टिकचीं खोटीं बदकें मात्र चालतात. ध्वनिमुद्रित आवाज लावणें बेकायदा आहे. तोंडानें शीळ घालून किंवा शिट्टी फुंकून बोलावण्यास हरकत नाहीं. धान्य पसरून पक्ष्यांना जमविणें हा मोठा अपराध समजला जातो. सर्व धान्य उचलून नेल्यानंतरही दहा दिवस ती जागा आमिष टाकलेली मानली जाते, कारण पक्ष्याला एकदां लागलेली संवय लगेच सुटत नाहीं. घायाळ करून पाडलेला पक्षी शोधून काढण्याचा मनापासून प्रयत्न करणें हेंही शिकाऱ्याचें कायदेशीर कर्तव्य आहे. या सर्व नियमांचा सूर एकच आहे : पक्ष्याला निसटण्याची वाजवी संधि मिळाली पाहिजे, आणि माणसाच्या यंत्रविद्येनें ती हिरावून घेऊं नये.

यांतले बरेच निर्बंध १९३५ सालीं आले, आणि त्यामागें एक मोठें संकट होतें. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यभागांत भयंकर अवर्षण पडलें. हिमयुगांतील हिमनद्यांनीं मागें ठेवलेलीं लक्षावधि लहान लहान डबकीं हें तेथील बदकांचें माहेर होय. तीं कोरडीं पडलीं. जीं उरलीं होतीं त्यांतलीं पुष्कळ शेतकऱ्यांनीं चर खणून आधींच आटवून टाकलीं होतीं. बदकांची संख्या झपाट्यानें खालावली. अशा वेळीं सरकारच्या जीवशास्त्र-पाहणी खात्याचें प्रमुखपद जे एन डार्लिंग या व्यंगचित्रकाराला देण्यांत आलें. ‘डिंग’ या टोपणनांवानें चित्रें काढणाऱ्या या गृहस्थाला पत्रकारितेंतील पुलित्झर पारितोषिक दोनदां, १९२४ व १९४३ सालीं, मिळालें. खात्यावर तो दोन वर्षांहूनही कमी काळ होता. पण तेवढ्या काळांत त्यानें हंगाम आखूड केला, आमिष व जिवंत बदकांचा भुलावा बंद केला, आणि आणखी एका योजनेचा पाया घातला.

ती योजना म्हणजे बदकांचें तिकीट. १९३४ सालच्या कायद्यानें असें ठरलें कीं, सोळा वर्षें वा त्यांहून अधिक वयाच्या प्रत्येक शिकाऱ्यानें राज्याच्या परवान्याखेरीज एक मध्यवर्ती तिकीट विकत घ्यावें. पहिल्या तिकिटावर दलदलींत उतरणाऱ्या मॅलर्डच्या जोडीचें चित्र होतें. तें स्वतः डार्लिंगनें काढलें होतें, आणि किंमत एक डॉलर होती. पहिल्याच वर्षीं सहा लाखांहून अधिक तिकिटें खपलीं. २०१५ पासून त्याची किंमत पंचवीस डॉलर आहे, आणि प्रत्येक डॉलरांतील अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत घेण्यासाठीं किंवा राखण्यासाठीं खर्च होतात. या एका तिकिटाच्या पैशांतून आजपर्यंत साठ लाख एकरांवर जमीन सुरक्षित झाली आहे. जो मारतो त्याच्याच खिशांतून पक्ष्याच्या निवाऱ्याचा खर्च निघावा, ही कल्पना अहिंसेचे संस्कार असलेल्या मनाला विचित्र वाटेल. तिकीट घेऊनही बंदूक न उचलणारे पक्षिप्रेमी तेथें आहेत. परंतु तळें राखण्यास रोख पैसा लागतो आणि तो दरवर्षीं कोणी तरी नियमानें द्यावा लागतो, ही व्यावहारिक अडचण या योजनेनें सोडविली, हें मान्य करावें लागतें.

हंगाम ठरवावयाचा तर पक्षी कोणत्या वाटेनें जातात हें ठाऊक असलें पाहिजे. १९२० पासून अमेरिकेंत पक्ष्यांच्या पायांत अंक कोरलेलें धातूचें कडें अडकवून त्यांना सोडून देण्याची पद्धत सरकारी देखरेखीखालीं सुरू झाली. कोठें तरी तो पक्षी पुन्हां सांपडला किंवा मारला गेला कीं तो अंक कळवावयाचा. हजारो कड्यांचा हिशेब जुळवून फ्रेडरिक लिंकन या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, बदकांचे प्रवास मुख्यतः चार मोठ्या पट्ट्यांतून होतात : अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक. १९४८ पासून हंगाम या चार मार्गांप्रमाणें ठरविले जाऊं लागले. म्हणूनच आजच्या उदार हंगामांतही अटलांटिक व मिसिसिपी मार्गांवर साठ दिवस, मध्य मार्गावर चौऱ्याहत्तर दिवस आणि पॅसिफिक मार्गावर पुरे एकशें सात दिवस मिळतात. जेथें पक्ष्यांच्या मानानें शिकारी अधिक तेथें दिवस कमी, असें हें ढोबळ गणित आहे.

या गणिताला आधार मोजणीचा. १९५५ पासून, महामारीचीं २०२० व २०२१ हीं वर्षें वगळतां, प्रत्येक मे महिन्यांत वैमानिक व जीवशास्त्रज्ञ लहान विमानांतून कॅनडा, अलास्का आणि उत्तरेकडील मैदानें यांवरून ठरलेल्या रेघांनीं खालून उडत जातात आणि बदकें व पाण्यानें भरलेलीं डबकीं मोजतात. शरदांत किती बदकें येतील याचा अंदाज या मोजणीवरून बांधला जातो. शिवाय निवडक शिकाऱ्यांकडून मारलेल्या बदकांचा एक एक पंख टपालानें मागविला जातो. पिसांवरून जात, नर-मादी आणि तें त्या वर्षींचें पिल्लूं होतें कीं प्रौढ पक्षी होता, हें तज्ज्ञ ओळखतात. पिल्लें अधिक असलीं तर वीण चांगली झाली असें समजावयाचें. १९९५ पासून निर्णयाची रीत आधींच ठरवून ठेवण्यांत आली आहे. बंद, आखूड, मध्यम आणि उदार असे हंगामाचे चार पर्याय असतात. बदकांची व डबक्यांची संख्या अमुक असली तर अमुक पर्याय, असें कोष्टक तयार असतें. त्यामुळें दरवर्षींचा वाद बराच मिटला, आणि प्रत्येक वर्षाचा अनुभव पुढील वर्षाच्या गणितांत घालण्याची सोय झाली.

एवढें करूनही एक मरण कोणाच्या हिशेबांत नव्हतें. नेम चुकलेल्या काडतुसांतील शिशाचे छर्रे वर्षानुवर्षें तळ्यांच्या तळाशीं साठत होते. बदकांना दांत नसतात. दाणे दळण्यासाठीं तीं बारीक खडे गिळतात आणि ते त्यांच्या मांसल जठरांत जात्याचें काम करतात. खडा समजून गिळलेला छर्रा तेथें झिजतो, शिसें रक्तांत उतरतें आणि पक्षी झुरून मरतो. शिसें लागलेलीं बदकें खाऊन गरुडही मरूं लागले. अखेर १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी झाली. पोलाद, बिस्मथ, टंगस्टन अशा धातूंचे छर्रे वापरावे लागतात. न मारतांही बंदूक मारते, हें समजण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

कायदा कितीही चांगल्या हेतूनें केलेला असला तरी तो सर्वांना सारखा लागत नाहीं, याचें उदाहरणही याच इतिहासांत आहे. उन्हाळ्यांतच पक्षी जेथें येतात त्या अलास्काच्या उत्तर टोंकाला राहणाऱ्या इन्युपियाक लोकांना १० मार्चनंतरची बंदी म्हणजे जवळजवळ बारमाही बंदीच होती. त्यांची शिकार हौसेची नव्हती. दीर्घ हिवाळ्यानंतर मिळणारें तें ताजें अन्न होतें. १९६१ सालीं बॅरो या गांवीं बदक मारल्याबद्दल पकडापकडी झाली, तेव्हां १३८ गांवकरी एक एक बदक हातांत घेऊन निरीक्षकापुढें उभे राहिले : आम्हीही गुन्हेगार आहों, आम्हांलाही पकडा. सत्याग्रहाची ही रीत भारतीय श्रोत्यांना अपरिचित वाटणार नाहीं. सरकारनें खटले सोडून दिले. तरी तह बदलण्यास १९९५ साल उजाडावें लागलें, आणि उत्तरेकडील मूळ रहिवाशांसाठीं वसंत-ग्रीष्मांतील कायदेशीर शिकार २००३ मध्यें सुरू झाली. नागरी शिकाऱ्यांच्या सोयीनें आखलेलें वेळापत्रक ध्रुवप्रदेशांतील माणसाच्या ताटांतलें अन्न कसें हिरावतें, हें तह लिहिणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें.

नियम कधीं कधीं उलटही फिरवावे लागतात. शुभ्र हिमहंसांची संख्या शेतांतील सांडलेल्या धान्यावर इतकी वाढली कीं, हडसन उपसागराच्या कांठचें टुंड्रा प्रदेशांतील गवत ते मुळासकट उपटूं लागले आणि जमीन उजाड होऊं लागली. म्हणून १९९९ पासून या हंसांपुरती खास मोकळीक देण्यांत आली. वसंतांतील शिकार, खुंटीवांचून बंदूक आणि ध्वनिमुद्रित आवाज यांना परवानगी मिळाली. तात्पर्य, नियम म्हणजे देवाज्ञा नव्हे. मोजणी जें सांगेल त्याप्रमाणें तो ताणावा किंवा सैल करावा लागतो.

भारतानें निराळी वाट धरली आहे. येथेंही १८८७ आणि १९१२ सालच्या कायद्यांनीं रानपक्ष्यांसाठीं मनाईचा काळ ठरविण्याचा अधिकार सरकारांना दिला होता. पण ते निर्बंध किती तोकडे होते हें भरतपूरच्या तळ्यावर दिसून आलें. १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. मंगोलिया-सैबेरियांतून हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांचा हा सत्कार! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें निर्बंध कडक केले, तरी परवान्याची फट त्यांत शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ती बुजविली, आणि तेव्हांपासून हौसेच्या शिकारीला भारतांत कायद्यानें जागा उरली नाहीं. भरतपूरचें तें शिकारीचें तळें आतां केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

पण शिकार बंद झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. अमेरिकेंतील शंभर वर्षांच्या हिशेबांतून जी गोष्ट पुन्हां पुन्हां वर येते ती ही कीं, अवर्षणानें आणि चर खणून आटलेल्या डबक्यांनीं बदकांचें जें नुकसान केलें तें बंदुकीला मर्यादा घालून भरून निघालें नाहीं. पाणी परत आलें, तळीं राखलीं गेलीं, तेव्हां पक्षी परत आले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मधमेश्वराचा जलाशय २०२० सालीं रामसर करारांतील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत गेला. महाराष्ट्रांतील ती पहिलीच जागा होय. हिवाळ्यांत तेथें चक्रवाक आणि नाना जातींचीं बदकें दूरच्या उत्तरेहून येतात. त्यांच्यावर आज कोणी बंदूक रोखूं शकत नाहीं. परंतु गांवोगांवचीं लहान तळीं भराव घालून बुजविलीं गेलीं, सांडपाण्यानें नासलीं, किंवा त्यांवर रात्रीं जाळीं पसरलीं गेलीं, तर त्या पाहुण्यांना परत फिरावें लागेल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला बंदुकीचा परवाना नको असेल. पण आपल्या गांवाबाहेरच्या तळ्याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरांत अद्याप तळें म्हणूनच आहे ना, एवढी चौकशी तें कुटुंब खास करूं शकेल.